अळूचें पान

२०२५ सालच्या भाद्रपदांतील गोष्ट. अनंतचतुर्दशी आदल्याच दिवशीं होऊन गेली होती. गणपती बोळवून उशिरा परतलेले लोक अद्याप पुरते जागे झाले नव्हते, आणि जुन्या पनवेलमधील आमच्या आळींत उत्सवानंतर येणारी एक प्रकारची सामसूम पसरली होती. त्या रविवारीं, ७ सप्टेंबर रोजीं, रात्रीं खग्रास चंद्रग्रहण लागावयाचें होतें. वेध दुपारींच लागले होते. माझी मुलगी चार दिवसांसाठीं माहेरीं आली होती. तिला पांचवा महिना चालू होता. चारच्या सुमारास ती स्वयंपाकघरांत विळी घेऊन अळूचीं पानें चिरीत बसली असतां माझी आई, वय वर्षें ऐंशी, देवघरांतून बाहेर आली. तिनें तें दृश्य पाहिलें, आणि एक शब्दही न बोलतां नातीच्या हातांखालची विळी ओढून घेतली. ओढतांना तिचें स्वतःचें बोट कापलें. पण रक्त आलेलें तिच्या ध्यानींही आलें नाहीं.

मुलगी हंसली. “अगं आजी, ग्रहण रात्रीं आहे. आणि अळूला कसलें आलंय ग्रहण?” मीही हंसलों. आम्ही चार बुकें शिकलेले लोक आपल्या वडीलधाऱ्या माणसांच्या समजुतींकडे पाहून जें एक क्षमाशील हंसूं हंसतों, तेंच तें. पण आई हंसली नाहीं. “चेष्टा करूं नका रे,” ती म्हणाली, “काय होतें तें मला ठाऊक आहे.” तिच्या स्वरांत राग नव्हता, भीति होती, आणि ती भीति ऐकीव नव्हती.

रात्रीं जेवणें लौकरच उरकलीं. आकाशांत ढग होते; चंद्र मधूनच दिसे, मधूनच नाहींसा होई. मुलगी निजावयास गेली. मी आणि आई ओटीवर झोपाळ्यावर बसलों होतों, आणि तेथें तिनें मला तें सांगितलें, जें माझ्या पंचावन्न वर्षांच्या आयुष्यांत तिनें मला कधीं सांगितलें नव्हतें.

माझ्याआधीं तिला एक मूल झालें होतें. साठ वर्षांपूर्वींची हकीकत. आषाढ सरतां सरतां तिला दिवस राहिल्याचें कळलें, आणि पांचव्या महिन्यांत, कार्तिकी अमावास्येला, सकाळीं सूर्यग्रहण लागलें. सासूबाई मागील दारीं होत्या. आदल्या दिवशीं आणलेला अळू सुकून जाईल म्हणून आईनें देठ सोलून चिरावयास घेतले. ग्रहणाची आठवण तिला राहिली नाहीं. वीस वर्षांची पोर ती! चैत्रांत ती बाळंत झाली. मूल मुलगीच होती. नाक, डोळे, हातपाय सारें नीट; पण कंबरेच्या वर पाठ उघडी. जणूं कोणीं चिरली असावी. ती दीड दिवस जगली. “ग्रहणांत विळी धरलीस,” एवढेंच सासूबाई म्हणाल्या. पुन्हा त्या बोलल्या नाहींत. वडील तर कधींच बोलले नाहींत. आणि त्या एका वाक्याच्या सोबतीनें माझ्या आईनें साठ वर्षें काढलीं.

मी ऐकत होतों, आणि मला माझी लाज वाटत होती. मी गेलीं तीस वर्षें महाविद्यालयांत जीवशास्त्र शिकवितों. पाठीचा कणा उघडा राहण्याचा हा दोष मीं कित्येक वर्गांना फळ्यावर चित्र काढून समजावून दिला आहे. पहिल्या सत्रांत पेशीविभाजन, पुढें जातिविचार, त्यानंतर केव्हां तरी जीवनसत्त्वें, असे वेगवेगळे कप्पे करून हें ज्ञान मीं इंग्रजींतून वांटलें; परंतु त्यांतील एक अक्षरही घराचा उंबरठा ओलांडून स्वयंपाकघरापर्यंत पोंचलें नव्हतें. जिला त्याची सर्वांहून अधिक गरज होती, ती शेजारच्या खोलींत बसून भाजी निवडीत होती.

थोडा वेळ गेल्यावर आईनें विचारलें, “ती पोर रोज आठवणीनें एक गोळी घेते, ती कसली रे?”

“फॉलिक ॲसिड,” मी म्हणालों.

“म्हणजे काय?”

या दोन शब्दांच्या प्रश्नाला उत्तर देण्यास मला त्या रात्रींचा बराच वेळ लागला. पेशी, जाति आणि जीवनसत्त्व हे माझे तिन्ही कप्पे त्या एका गोळींत एकत्र झालेले होते, हें मला तिला सांगतां सांगतां नव्यानें दिसलें. तें जसें सुचत गेलें तसें, थोडें नीटनेटकें करून, येथें मांडतों.

‘फॉलिक’ हा शब्द लॅटिन भाषेंतील ‘पान’ या अर्थाच्या शब्दावरून पडला आहे. १९४१ सालीं अमेरिकेंत मिचेल, स्नेल आणि विल्यम्स या शास्त्रज्ञांनीं पालकाच्या कित्येक टन पानांतून या द्रव्याचा अत्यल्प अंश वेगळा काढला आणि त्याला हें नांव दिलें. म्हणजे आपल्या भाषेंत त्याला ‘पर्णाम्ल’ म्हणावयास हरकत नाहीं. पण त्याची खरी कथा त्यापूर्वीं दहा वर्षें, आणि पनवेलपासून फार दूर नव्हे, मुंबईंत परळला सुरू झाली.

१९२८ सालीं लूसी विल्स नांवाची एक इंग्रज डॉक्टरीण मुंबईस आली. त्या काळीं मुंबईच्या गरीब वस्त्यांतील, विशेषतः गिरणगांवांतील, गरोदर स्त्रियांना एक विलक्षण पंडुरोग होई. त्या पांढऱ्याफटक पडत, त्यांना धाप लागे, आणि पुष्कळ जणी बाळंतपणांत दगावत. त्याचें कारण शोधण्याचें काम तिच्याकडे आलें. परळच्या हाफकिन संस्थेंत बसून तिनें त्यांचें रक्त सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिलें. साधा पंडुरोग लोहाच्या अभावानें होतो, आणि त्यांत रक्ताच्या तांबड्या पेशी लहान व फिकट होतात. येथें उलट प्रकार होता. पेशी संख्येनें थोड्या, पण आकारानें मोठ्या, फुगलेल्या. विल्सबाईंनीं या स्त्रिया खातात काय याची चौकशी केली. त्यांच्या जेवणांत भाजीपाला, फळें आणि कसदार अन्न जवळजवळ नव्हतेंच.

औषधें करून पाहतां पाहतां तिच्या हातीं एक अगदीं क्षुद्र वस्तु आली. दारूच्या कारखान्यांत बीअर केल्यावर तळाशीं जें किण्व उरतें, त्याचा काळसर, खारट अर्क विलायतेंत पावाला लावून खातात. त्याचें नांव मार्माइट. तो दिल्याबरोबर या मरणोन्मुख बायकांच्या रक्तांत थोड्याच दिवसांत नव्या पेशी दिसूं लागल्या. १९३१ सालीं तिनें हें प्रसिद्ध केलें. त्या अर्कांत नेमकें काय आहे तें तिला ठाऊक नव्हतें. म्हणून लोक त्याला ‘विल्सचा घटक’ म्हणूं लागले. पुढें पालकाच्या पानांत सांपडलें तें हेंच द्रव्य. पानांत आहे, किण्वांत आहे, यकृतांत आहे, डाळी-कडधान्यांत आहे. आणि त्या बायकांच्या ताटांत नव्हतें.

जीवनसत्त्व म्हणतात तें हेंच. धान्य, तेल-तूप, मीठ हीं शरीराला मुठीमुठीनें लागतात. जीवनसत्त्व कणाच्याही कणानें लागतें. पण तो कण आपलें शरीर स्वतः करूं शकत नाहीं, किंवा पुरेसा करूं शकत नाहीं, म्हणून तो बाहेरून यावा लागतो. १९१२ मध्यें फुंक या शास्त्रज्ञानें ‘व्हिटामिन’ हा शब्द केला. पण त्याआधींच जावा बेटांत आइकमन नांवाच्या डच डॉक्टरला दिसून आलें होतें कीं, सडून पांढरा केलेला तांदूळ खाणाऱ्या कोंबड्या लुळ्या पडतात आणि कोंड्यासह तांदूळ दिल्यास बऱ्या होतात. आम्हां भातखाऊ कोंकण्यांना ही गोष्ट बोधप्रद आहे. ज्याला आपण कोंडा म्हणून गुरांपुढें टाकतों, त्यांतच पुष्कळदां जीवन असतें.

“पण या पानाचें रक्तांत काम काय?” आईनें विचारलें. तिचा प्रश्न योग्य होता. ‘सत्त्व आहे’ असें म्हटल्यानें कांहींच समजत नाहीं.

आपलें शरीर पेशींचें आहे. पेशीपासूनच पेशी होते, दुसऱ्या कशापासून होत नाहीं, हें सूत्र गेल्याच्या आधींच्या शतकाच्या मध्यास फिर्को या जर्मन वैद्यानें लोकमान्य केलें. आणि पेशी दुभंगते ती कशी, तिच्या केंद्रांतील रंगसूत्रें आधीं दुप्पट होऊन मग दोहों बाजूंस कशीं खेंचलीं जातात, हें फ्लेमिंगनें १८८२ मध्यें चित्रें काढून दाखविलें. मीं आईला घरच्या वांटणीचा दाखला दिला. दोघे भाऊ वेगळे निघावयाचे असले, तर घराचे दस्तऐवज अर्धे-अर्धे फाडून चालत नाहीं. आधीं त्यांची पुरी नक्कल करावी लागते, आणि मग एकेक प्रत एकेकानें न्यावयाची. पेशीचें तसेंच आहे. तिच्या केंद्रांतल्या शेंचाळीस रंगसूत्रांत जो डीएनए नांवाचा धागा गुंडाळलेला असतो, तो उलगडला तर सुमारें दोन मीटर भरेल, आणि त्यावर अवघ्या चार अक्षरांत सारा मजकूर लिहिलेला असतो. पेशी दुभंगण्यापूर्वीं हा सारा मजकूर नव्यानें उतरावा लागतो. त्या चार अक्षरांपैकीं एक अक्षर तयार होण्यास हें पर्णाम्ल लागतें. तें नसेल तर नक्कल अर्ध्यावर अडते. पेशीचें बाकीचें शरीर वाढतच राहतें, पण केंद्राची नक्कल पुरी न झाल्यामुळें ती दुभंगूं शकत नाहीं. म्हणून त्या गिरणगांवच्या बायकांच्या रक्तांत पेशी थोड्या आणि मोठ्या दिसत. वांटणी न झालेलीं तीं घरें होतीं.

तांबडी पेशी सरासरी एकशें वीस दिवस जगते. तेव्हां जुन्या मेल्या त्यांच्या जागीं नव्या आणण्यास आपल्या हाडांतील मगजाला दर सेकंदास वीस लाखांहून अधिक पेशी कराव्या लागतात. आपण झोपाळ्यावर बसून एक झोंका घेतों तेवढ्यांत! ज्या ठिकाणीं विभाजनाची एवढी घाई, तेथें पानाचा अभाव प्रथम जाणवणार हें उघड आहे. आणि याहून अधिक घाई जगांत एकाच ठिकाणीं असते. ती म्हणजे आईच्या पोटांत.

पण तेथें जाण्यापूर्वीं विल्सबाईंच्या उंदरांविषयीं सांगावयास पाहिजे. कारण त्यांनीं मला जातिविचार नव्यानें शिकविला. प्रयोगासाठीं तिनें त्या बायकांचेंच अन्न पांढऱ्या उंदरांना घालून पाहिलें. उंदीर पांढरे पडले, किण्वानें सांवरलेही. पण मागाहून असें निघालें कीं, त्यांचा पंडुरोग बहुतांशीं उवांवाटे होणाऱ्या एका निराळ्याच जंतूचा होता! उंदराच्या आंतड्यांतले जंतू त्याला पर्णाम्ल पुरवितात, म्हणून अन्नांत तें नसलें तरी त्याचें सहसा अडत नाहीं. तेव्हां माकडाकडे वळावें लागलें. माकडाला तें अन्न दिल्यावर त्याचें रक्त त्या बायकांसारखें झालें, आणि मार्माइटनें तें सुधारलें. जीवशास्त्रांत ‘जाति’ म्हणजे ज्यांचा आपसांत संकर होऊन संतति पुढें चालते असा समुदाय. घोडा आणि गाढव यांच्यापासून खेंचर होतें, पण खेंचराला संतति होत नाहीं. म्हणून घोडा-गाढव या दोन जाति. प्रत्येक जातीची घडण वेगळी, गरज वेगळी. उंदराचें औषध माणसाला, माणसाचें अन्न गाईला, असें आंधळेपणानें चालत नाहीं. आणि दोन जातींचें नातें जितकें जवळचें, तितकी त्यांची उणीवही पुष्कळदां सारखी.

या भेदाचा वैद्यकानें मोठा कौशल्यानें उपयोग करून घेतला आहे. रोगजंतु आपलें पर्णाम्ल स्वतःच तयार करतात. आपण तें पानांतून घेतों. १९३५ पासून प्रचारांत आलेलीं सल्फा औषधें जंतूला फसवितात. पर्णाम्लाच्या कच्च्या मालासारखी दिसणारी खोटी वस्तु त्याच्या हातीं देतात. त्याचा कारखाना बंद पडतो, त्याचें विभाजन थांबतें. आपल्याकडे तो कारखानाच नसल्यामुळें आपलें मात्र कांहीं बिघडत नाहीं. आपली उणीव हीच आपली ढाल! पुढें आंध्रांतून अमेरिकेस गेलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या प्रयोगशाळेंत १९४५ मध्यें पर्णाम्ल कृत्रिम रीतीनें तयार झालें, आणि त्याचबरोबर त्याच्यासारखींच दिसणारीं, पण त्याचें काम अडविणारीं द्रव्येंही तेथें झालीं. बोस्टन येथील फार्बर या डॉक्टरनें तीं रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांना दिलीं, आणि १९४८ मध्यें त्यानें जगाला सांगितलें कीं, बेफाम वाढणाऱ्या त्या पेशी कांहीं काळ तरी आवरतां आल्या. तेंच पान, एका हातीं वाढ देणारें, दुसऱ्या हातीं वाढ रोखण्याची युक्ति शिकविणारें.

येथें एक शब्द मला अडला. आईला ‘जाति’ म्हटलें तेव्हां तिनें साहजिकच आपल्या व्यवहारांतील जात घेतली. “त्या गिरणींतल्या बायका कोण जातीच्या?” तिनें विचारलें. मीं सांगितलें, “आपल्याच. शास्त्राच्या हिशेबानें पृथ्वीवरचीं सारीं माणसें एका जातीचीं आहेत. हिंदु-मुसलमान, ब्राह्मण-कातकरी, तुझें रक्त आणि विल्सबाईचें रक्त एकच पान मागतें.” ती कांहीं बोलली नाहीं. पावसाळ्याच्या आरंभीं कातकरी-ठाकर बायका डोंगरांतून टाकळा, शेवळें, कुर्डू अशा रानभाज्या घेऊन पनवेलच्या बाजारांत बसतात. त्यांच्याशीं पैशा-दोन पैशांवरून घासाघीस करून आपण तीं पानें घरीं आणतों, उकळून पाणी फेंकून देतों, आणि त्याबरोबर निम्मेंअधिक सत्त्वही मोरींत जातें. शेवळें किंवा अळू खाजतात, त्यांचें पाणी टाकणें क्षम्य आहे. पण सर्वच पालेभाज्या आपण त्याच न्यायानें शिजवितों. आणि उरलेलें जें पातेल्यांत राहतें तें आधीं पुरुषांच्या, मग मुलांच्या, आणि शेवटीं, राहिलें तर, सुनेच्या ताटांत पडतें.

आतां मला त्या गोष्टीकडे यावें लागलें, जिच्यासाठीं मी इतका वेळ वळणें घेत होतों.

गर्भ राहिल्यावर पहिली पेशी सुमारें एका दिवसानें दुभंगते; मग दोनाच्या चार, चाराच्या आठ. तिसऱ्या आठवड्यांत गर्भाच्या पाठीवर एक पन्हाळी पडते, आणि तिचे दोन्ही कांठ वर उचलून एकमेकांस मिळूं लागतात. करंजीच्या कडा मिटाव्या तशा. मिटून जी नळी होते तिचाच पुढें मेंदू आणि पाठीचा मज्जारज्जु होतो. अठ्ठाविसाव्या दिवसाच्या सुमारास ती नळी दोन्ही टोंकांशीं बंद झालेली असते. त्या वेळीं गर्भ तांदळाच्या कणीएवढा असतो. कडा कोठें मिटावयाच्या राहिल्या, तर पाठ उघडी राहते. मागाहून ती मिटत नाहीं, आणि मिटलेली मागाहून उघडत नाहीं.

१९९१ मध्यें सात देशांतील तेहतीस ठिकाणीं झालेल्या एका मोठ्या पाहणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ज्या स्त्रियांना पूर्वीं असें मूल झालें होतें त्यांना गर्भधारणेच्या आधींपासून पर्णाम्ल दिल्यास, तो दोष पुन्हा होण्याचें प्रमाण शेंकडा ७२ नें घटलें. तेव्हांपासून, मूल हवें असें ठरतांच, दिवस राहण्याच्याही आधीं, ही गोळी सुरू करावी असें डॉक्टर सांगूं लागले. माझ्या मुलीची गोळी ती हीच.

मी थांबलों. आई बराच वेळ गप्प होती. मग अगदीं हळू आवाजांत तिनें विचारलें, “म्हणजे ग्रहणानें नव्हे. माझ्या खाण्यानें झालें. श्रावणांतले सारे सोमवार मीं केले होते.”

त्या क्षणीं मला कळलें कीं, मीं तिच्या हातून एक विळी काढून घेतली आणि दुसरी तिच्याच बोटावर ठेवली. शास्त्र हातांत आलें म्हणजे माणूस चटकन् न्यायाधीश होतो. कारण सांपडलें कीं अपराधी सांपडला असें त्याला वाटतें. सासूबाईंना तरी काय झालें होतें? मूल गेलें, कांहीं तरी कारण हवें होतें. जें जवळ होतें तें त्यांनीं उचललें. ग्रहणाच्या जागीं उपास घातला, तर तें वाक्य फक्त अधिक शिकलेलें होईल. त्याची धार तीच राहील.

म्हणून मीं तिला सांगितलें तें असें. हा दोष अनेक कारणांनीं होतो. कांहीं वंशपरंपरेनें येतात, कांहींचा थांग अजून लागलेला नाहीं. शंभरांपैकीं बहात्तर टळतात याचा अर्थ अठ्ठावीस गोळी घेऊनही टळत नाहींत. त्या मुलीचें कारण काय होतें, हें आतां जगांतील कोणताही डॉक्टर सांगूं शकणार नाहीं. आणि चार सोमवारांनीं कांहीं होत नाहीं. शरीरांतला हा सांठा महिनोन्‌महिन्यांच्या जेवणावर भरतो आणि ओसरतो. तुझ्या ताटांत काय पडत होतें, तें तूं ठरवीत नव्हतीस. शिवाय त्या काळीं हें कोणालाच ठाऊक नव्हतें. गरोदर स्त्रियांना लोहाच्या आणि पर्णाम्लाच्या गोळ्या वांटण्याची सरकारी योजना या देशांत सुरू झाली ती १९७० मध्यें, माझ्या जन्माच्या वर्षीं. आणि तीही रक्तासाठीं, पाठीच्या कण्यासाठीं नव्हे. कण्याचें खात्रीनें कळलें तें त्यानंतर एकवीस वर्षांनीं. जें जगांत कोणाला ठाऊक नव्हतें, तें न केल्याचा दोष वीस वर्षांच्या सुनेवर येत नाहीं.

“पण एक गोष्ट मी शपथेवर सांगतों,” मी म्हणालों. “ग्रहण कार्तिकी अमावास्येचें. पाळी केव्हां चुकली होती?”

“आषाढाच्या अखेरीस.”

“तर मग मोज. त्या बाळाची पाठ मिटावयाची ती गोकुळाष्टमीच्या आंतबाहेर मिटली असती. राहिली ती तेव्हांच राहिली. तूं विळी हातीं घेतलीस, त्याच्या तीन महिने आधीं जें व्हावयाचें तें होऊन गेलें होतें.”

आईनें अंगठ्यानें बोटांचीं पेरें मोजलीं. श्रावण, भाद्रपद, आश्विन, कार्तिक. मग पुन्हा पहिल्यापासून मोजलीं. आयुष्यभर तिनें वाणसामानाचे, दुधाचे, वारांचे हिशेब असेच पेरांवर केले. आणि तिचा हिशेब कधीं चुकल्याचें मला आठवत नाहीं.

“ग्रहण मागून आलें,” ती म्हणाली.

“हो. मागून आलें.”

ती रडली नाहीं. झोपाळ्याच्या कडीला हात धरून बसून राहिली. कांहीं वेळानें म्हणाली, “केंस फार होते रे तिला.” साठ वर्षांत त्या मुलीविषयीं तिच्या तोंडून निघालेलें, पाठीविषयींचें नसलेलें, हें पहिलेंच वाक्य असावें.

दीडच्या सुमारास ग्रहण सुटलें. आईनें नेहमींप्रमाणें स्नान केलें. मींही तिला अडविलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं ती स्वयंपाकघरांत गेली, तों काल अर्धवट चिरून ठेवलेलीं पानें ताटाखालीं तशींच होतीं. ग्रहणांतलें अन्न टाकून द्यावयाचें, हा आमच्या घरचा नियम. तिनें पानें उचलून पाहिलीं, सुकलेल्या कडा खुडल्या, आणि नातीला हांक मारली. “यांत चिंच घाल, डाळ-दाणे घाल, आणि फदफदें कर. पानें फुकट घालवूं नकोस.” जेवतांना तिनें नातीला वाढलें, मला वाढलें, आणि मग, मागाहून बसण्याची तिची साऱ्या जन्माची संवय मोडून, आमच्याच पंक्तीला पाट मांडून घेतला.

महाविद्यालयांत यंदा पेशीविभाजनाचा पहिला तास मीं वांटणीच्या दाखल्यानेंच सुरू केला, आणि मराठींत केला. मुलें चकित झालीं. पण मागच्या बांकावरच्या मुली पुढें झुकून ऐकत होत्या. त्यांच्यांतल्या किती जणींच्या घरीं कोणी आजी कसलें वाक्य उराशीं धरून बसली असेल, कोण जाणे.

आईचें म्हणाल, तर पुढल्या ग्रहणालाही आपण विळी उचलून ठेवणारच, असें तिनें मला बजावून ठेवलें आहे. “भीति म्हणून नाहीं,” ती म्हणते, “संवय म्हणून.” मीं त्यावर वाद घातलेला नाहीं.